रुसूबाईची जागा

बांधावरच्या झडपा सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ‘झडपे’ म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण तीस वर्षं एकच काम केलं की काम माणसाला चिकटतं. एकदा नवा पोस्टमन आला. त्यानं ‘श्री. झडपे’ असं लिहिलेलं पत्र बिनदिक्कत घरी आणून दिलं आणि खऱ्या नावाचं दुसरं पत्र ‘या पत्त्यावर असं कुणी राहत नाही’ असा शेरा मारून परत पाठवून दिलं. यावर झडप्यांची बायको दोन दिवस हसत होती.

काम सांगायला सोपं. बांधाच्या अलीकडे शेतं, पलीकडे भरतीचं पाणी खेळणारं दलदलीचं खाजण, त्याच्याही पलीकडे समुद्र. भरती चढू लागली की चाक फिरवून तिन्ही झडपा खाली सोडायच्या, म्हणजे खारं पाणी शेतांत घुसत नाही. ओहोटी लागली की त्या वर उचलायच्या, म्हणजे शेतांतलं साचलेलं पाणी निघून जातं. दिवसातून दोनदा हाच उद्योग, आणि वेळ रोज पाऊण तासानं पुढे सरकलेली. त्यामुळे झडप्यांच्या घरात जेवणाला, झोपेला, पाहुण्यांना, कशालाच ठरलेली वेळ नव्हती. घर म्हणजे झडपेशेजारच्या दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं. बायको होती, आणि आता चार वर्षं तीही नव्हती.

ती बोलकी होती. इतकी, की झडप्यांनी संसाराच्या पहिल्याच वर्षी ‘हूं’ म्हणायची सवय लावून घेतली. ती खाजणात हिंडून यायची, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले, आणि दारातूनच सुरू व्हायची. “अहो, ऐकलंत का, घामेजली यंदा पार खाडीच्या काठापर्यंत उतरलीये.” “हूं.” “आणि बोटमोडी लाल व्हायला लागली.” “हूं.” खाजणातल्या प्रत्येक रोपाला तिनं आपलं नाव ठेवलं होतं. शाळा तिची चौथीपर्यंतच झालेली. पुस्तकातली नावं तिला ठाऊक नव्हती आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. झडपे वंगणाचा डबा घेऊन चाकाच्या दात्यांत बोटं घालत बसायचे. कानांवरून शब्द जायचे, आत उतरायचे नाहीत. वाईट माणूस नव्हते ते. त्यांना वाटायचं, ही उद्याही बोलणारच आहे.

ती गेल्यानंतरच्या चौथ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला शहरातल्या कॉलेजातून वनस्पती शिकवणाऱ्या एक बाई आल्या. चाळिशीच्या, गमबूट घातलेल्या, काखोटीला लाकडी चौकट. चौकट मीटरभर लांब, मीटरभर रुंद. ती जमिनीवर टाकायची आणि आत जे जे उगवलंय ते मोजायचं. समुद्राकडच्या चिखलापासून बांधाच्या माथ्यापर्यंत, कुठल्या जागी काय उगवतं याची यादी त्यांना करायची होती.

“वर्षभर येईन,” मॅडम म्हणाल्या. “पण मला इथल्या वाटा माहीत नाहीत. कुठे पाय रुततो, पाणी कधी मागून येऊन गाठतं, हे सांगणारं कुणीतरी लागेल.”

“माझ्याबरोबर चला,” झडपे म्हणाले. “पाण्याचं वेळापत्रक माझ्या अंगात मुरलंय. बाकी झाडपाला मला काही कळत नाही.”

पहिल्याच दिवशी ओहोटीला दोघं निघाले. मॅडम चालता चालता समजावत होत्या. लांबून खाजण एकसारखं हिरवं दिसतं, पण हातभर उंचीच्या फरकानं तिथली वस्ती बदलते. अगदी खाली, जिथे पाणी रोज दोनदा डोक्यावरून जातं, तिथे दोनतीनच जातींचा टिकाव लागतो. जरा वर चढलं की गर्दी वाढते. मधल्या खोलगट भागांत पाणी साचून वाळतं आणि मीठ फुलतं. तिथे समुद्रापेक्षाही खारट जमीन, तिथे राहायला वेगळीच छाती लागते. खाड्यांच्या काठांवर पाणी झटकन निथळतं, तिथले रहिवासी निराळे. आणि बांधाच्या कुशीत, जिथे मोठ्या उधाणालाच काय ते पाणी पोचतं, तिथे सगळ्यांत जास्त प्रकार.

झडपे मान डोलावत होते. तीस वर्षं या सगळ्यावर नजर टाकत आलो आणि आपल्याला ते नुसतं ‘पलीकडचं’ होतं, असं त्यांच्या मनात आलं.

चिखलाच्या कडेला मॅडमनी चौकट टाकली. आत बोटाएवढी, बिनपानांची, सांध्यासांध्यांची रोपं उभी होती. मॅडम त्यांचं लांबलचक पुस्तकी नाव वहीत लिहायला लागल्या, तेवढ्यात झडप्यांच्या तोंडून निघून गेलं, “बोटमोडी.”

मॅडमनी मान वर केली. “काय म्हणालात, काका?”

“काही नाही. आमच्या घरात म्हणायचे.” झडप्यांनी एक कांडी उचलून सांध्यावर वाकवली, ती कट्‌कन मोडली. “बघा, बोटं मोडल्यासारखा आवाज येतो. आणि शेजारणीशी भांडण झालं की ती म्हणायची, मी कशाला बोटं मोडू, खाजण माझ्या वाटची मोडतंय.”

मॅडम मोकळेपणानं हसल्या. मग त्यांनी वहीत उजवीकडे एक नवा रकाना आखला आणि त्यात लिहिलं, बोटमोडी. “आणखी नावं आठवतायत?”

पानांवर मिठाचे कण घामासारखे येतात ती घामेजली. कापडाच्या चिंधीसारखी फुलं येऊन महिनोन्‌महिने रंग न सोडणारी, ती जुनीनवी. दोन खाड्यांच्या मध्ये पसरून दोन्हीकडे हात टेकलेली, ती मध्यस्थ. झडपे आठवत गेले आणि अकरावर येऊन अडले. नावं तर चाळीसेक असतील. ती बोटांवर मोजून दाखवायची. त्यांनी डोळे मिटले, तिचा आवाज आठवला, हात नाचवायची पद्धत आठवली, कपाळावर आलेला केस मनगटानं मागे सारणं आठवलं. शब्द काही आले नाहीत. तिचं बोलणं आठवायला गेलं की मध्येमध्ये आपलंच ‘हूं’ ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. बाकीचे दिवस झडपे एकटेच हिंडायला लागले. रोप दिसलं की समोर उकिडवे बसायचे. तू हिला काय म्हणायचीस? कधी एखादं नाव अचानक हाती लागायचं, चाक फिरवताना नाहीतर दाढी करताना, आणि ते तसेच साबण लावलेल्या तोंडानं कागद शोधायला धावायचे. असं करत करत पंधरा झाली.

त्यातलं एक नाव मात्र त्यांना पहिल्यापासून पक्कं आठवत होतं आणि रोप ठाऊक नव्हतं. रुसूबाई. दरवर्षी उन्हाळा सरत आला की एक दिवस बायको म्हणायची, “रुसूबाई फुलली हो.” मग पुढचे आठदहा दिवस, हे झडपेवर गेले की ही घरातून निघायची आणि तासाभरानं परतायची. चेहरा असा निवांत, की जणू माहेरी जाऊन आली. “सगळ्यांपासून लांब, तोंड फिरवून बसलीये,” एवढंच एकदा म्हणाल्याचं त्यांना स्मरत होतं. कुठे बसलीये हे त्यांनी विचारलं नव्हतं.

मॅडमच्या यादीत पन्नासावर जाती झाल्या. प्रत्येकीला झडपे म्हणायचे, “ही असेल का?” आणि स्वतःच मान हलवायचे. यातली कुठलीच लांब बसलेली नव्हती.

अखेर ते शहरात गेले. बायकोची थोरली बहीण तिथे तिसऱ्या मजल्यावर राहायची, पडदे शिवून द्यायचा तिचा व्यवसाय. ज्या दिवशी बायको गेली त्या दिवसापासून ताईंनी झडप्यांशी बोलणं टाकलं होतं. कारणही होतं. बायको खोकल्यानं बेजार असताना ताईंनी तीनदा निरोप धाडला होता की तिला ताबडतोब दवाखान्यात घेऊन या. तो आठवडा मोठ्या उधाणाचा होता. झडपे म्हणाले, एवढं उधाण ओसरू दे, मग निघू. बायकोही म्हणाली, हो, ओसरू दे. ओसरलं, निघाले, पण उशीर झाला होता. दवाखान्याच्या जिन्यात ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “झडप सांभाळलीत. माणूस नाही सांभाळलंत.”

दार ताईंनीच उघडलं. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या. त्या बघतच राहिल्या.

“ताई, मी भांडायला आलेलो नाही,” झडपे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

ताईंनी टाचण्या काढून बाहीला खोचल्या. “भांडायला यायचा तुमचा स्वभाव नाही, भावोजी. तुम्ही तर बोलायलासुद्धा येत नाही. काय काम आहे?”

“ती झाडांना नावं ठेवायची. तुम्हाला सांगत असेल. मला… मला सगळी आठवत नाहीत.”

ताई वळून आत गेल्या. दार उघडंच होतं, म्हणून तेही आत गेले. खोलीभर पडद्यांचं कापड पसरलेलं होतं. बसायला जागा एका स्टुलापुरती. ताईंनी मशीन सुरू केलं, एक लांब शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला आणि मग बोलल्या.

“तुमच्या घरून आली की दोन-दोन दिवस तेच पुराण चालायचं. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? मी म्हणायचे, अगं, नवऱ्याला सांग हे सगळं. ती म्हणायची, त्यांना सांगतेच की, ते ऐकतात.”

“ऐकतात म्हणायची?”

“म्हणायची. ‘हूं’ म्हणतात म्हणायची.”

झडप्यांनी मान खाली घातली. कापडावरची फुलं त्यांना नीट दिसेनात. ताईंनी उठून चहा ठेवला. पुढच्या दोन तासांत ताईंच्या आठवणीतून आठ नवी नावं खाणाखुणांसकट निघाली. पाणझोपी, तिखटजीभ, खारी भावजय… ताई सांगत होत्या, झडपे शिंप्याच्या खडूनं कापडाच्या तुकड्यावर लिहून घेत होते, कारण घरात धड कागद नव्हता.

“आणि रुसूबाई?” त्यांनी शेवटी विचारलं.

ताई हसल्या, चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर. त्यांनी पडद्यांच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि दोन पानांच्या मध्ये जपून ठेवलेली एक वाळकी काडी दाखवली. तळाशी पानांचं चक्र, वर बारीक देठांवर टाचणीच्या डोक्याएवढी फुलं, कधीकाळी पांढरी असावीत. “ही एकदाच घेऊन आली होती. म्हणाली, तोडवत नव्हती, पण तुला दाखवायची होती.”

“कुठे उगवते ही?”

“मला विचारता? मी तिसऱ्या मजल्यावर राहते, भावोजी. तुम्ही तिथे राहता.” मग त्यांनी काडी एका पाकिटात घालून दिली. “परत आणून द्या मात्र.”

मॅडमनी ती काडी भिंगाखाली धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. “काका, ही आपल्या यादीत नाहीच! हिला खारं सोसतं, पण नुसत्या खाऱ्यावर ती जगत नाही. पायाशी सतत थोडं गोडं पाणी झिरपत असेल तरच. खाजणात असं कुठे गोडं पाणी पाझरतं का?”

पाझरणारी जागा झडप्यांइतकी कुणाला माहीत होती? तिसऱ्या वळणावर, शेताकडच्या चरातलं पाणी बांधाच्या पोटातून झिरपून खाजणाच्या बाजूला बाहेर पडायचं. बांधाला गळती म्हणजे राखणदाराच्या जिवाला घोर. त्यांनी एक नाही, नऊ अर्ज केले होते, की तिसऱ्या वळणाची गळती भरून काढावी. एकदा तो अर्ज लिहिताना बायको मागे येऊन उभी राहिली होती. “थोडं गळतंय तर गळू द्या ना,” म्हणाली होती. ते म्हणाले होते, “तुला काय कळतंय त्यातलं?” त्यावर ती काही बोलली नव्हती. एवढी बोलकी बाई, पण त्यावर काही बोलली नव्हती.

आणि नववा अर्ज मंजूर झाला होता. दहा दिवसांनी माती आणि दगड येऊन पडणार होते.

त्याच दुपारी ओहोटीला ते तिसऱ्या वळणावर गेले. आजवर गळती त्यांनी बांधाच्या माथ्यावरूनच पाहिली होती. वरून नुसता ओला डाग आणि उंच लव्हाळा दिसायचा. या वेळी ते बूड घसरवत खाली उतरले, लव्हाळा दोन्ही हातांनी बाजूला केला आणि आत शिरले.

आत चटईएवढी मोकळी जागा होती. पायाखाली थंड, काळं, मऊ. बोट बुडवून त्यांनी चाखलं, पाणी जवळजवळ गोडं. आणि बांधाच्या पायथ्याला लागून, समुद्राकडे पाठ केलेल्या, शेकडो रुसूबाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर दोन-चार पांढरे ठिपके. वाऱ्याला तिथे मज्जाव होता, त्यामुळे एकही हलत नव्हती.

मधोमध दोन विटा एकीवर एक ठेवलेल्या होत्या. झडपेच्या दुरुस्तीतल्या विटा. कुठे गेल्या म्हणून त्यांनी तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. खालची वीट चिखलात अर्धी रुतली होती. बसायला एकाच माणसाची सोय होती. झडपे बसले.

बसल्यावर त्यांना कळलं. बांध इथे वळतो, म्हणून लव्हाळ्याच्या एका फटीतून सरळ झडप दिसत होती. चाक, चाकाखालचा चौथरा, वंगणाचा डबा ठेवायचा कोनाडा, सगळं चित्रासारखं. ती इथे बसून त्यांना बघत असणार. घाम पुसताना, चाकावर ओणवं होताना, पाण्याकडे टक लावून उभं असताना. दरवर्षी आठदहा दिवस, इतकी वर्षं. आणि त्यांनी कधी या बाजूला मान वळवली नव्हती.

आता चौथऱ्यावर कुणी नव्हतं. झडपे रिकाम्या चौथऱ्याकडे बघत बसले. त्यांना वाटलं, एकदा, एकदाच तिथे उभं राहून इकडे हात हलवायचा होता आणि इकडून कुणीतरी हलवायला हवा होता. पाणी खाडीतून वर सरकू लागल्याचा आवाज आला तेव्हा ते उठले, कारण झडपा सोडायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते बांधकामाच्या कचेरीत गेले. तिथले साहेब तरुण होते, कामाला पक्के. त्यांनी फाइल उघडून नऊ अर्ज टेबलावर ओळीनं मांडले.

“हे अक्षर कुणाचं, काका?”

“माझं.”

“यात तुम्ही लिहिलंय, ‘गळती तात्काळ न भरल्यास बांध खचण्याचा धोका आहे.’ हे?”

“माझंच. आणि खरंच आहे ते.”

“मग आता भरू नका म्हणता?”

झडप्यांना मोठं भाषण येत नव्हतं. “साहेब, बांध राखा. पण पाणी मारू नका. त्या पाण्यावर कुणीतरी जगतंय.”

साहेबांनी नाक खाजवलं. पण झडप्यांनी पाठोपाठ, आदल्या संध्याकाळी लिहून घेतलेलं मॅडमचं पत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की ही जात अख्ख्या खाजणात फक्त या एका जागी आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. कागदावर बांधाचा उभा छेद काढला, खोडला, परत काढला. “माती वाहून जाते तो धोका. नुसतं पाणी गेलं तर चालतं,” ते म्हणाले. “पायथ्याशी आधी वाळू, मग बारीक खडी, वर मोठी खडी. माती अडेल, पाणी झिरपेल. काम वाढेल माझं.”

“मी उभा राहीन,” झडपे म्हणाले.

आणि राहिलेही. भरतीच्या वेळा सोडल्या तर सगळे दिवस ते तिसऱ्या वळणावर ठाण मांडून होते. अर्धा ताटवा त्यांनी दोऱ्या बांधून राखला. उरलेला अर्धा गेला. खडी टाकायला जागा तर लागणारच होती. शेवटच्या दिवशी मजूर निघून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की विटा खडीखाली गेल्या. पाण्यासाठी ते भांडले, रोपांसाठी भांडले. विटा बाजूला काढून ठेवायचं मात्र त्यांना सुचलंच नव्हतं. दोनदा ते खडी उकरायला बसले. मग साहेबांना दिलेला शब्द आठवून, उकरलेली खडी पुन्हा नीट बसवून घरी आले.

वर्ष पुरं झालं. मॅडमची यादी छापून आली: त्रेसष्ट जाती, कुठली चिखलात, कुठली खाडीच्या काठी, कुठली मिठाच्या खोलगटात, कुठली बांधाच्या कुशीत. उजवीकडच्या रकान्यात तेवीस नावं होती. खाली एका ओळीत लिहिलं होतं की ही नावं झडपेवरच्या घरातल्या बाईंनी ठेवलेली आहेत. चाळीस ठिकाणी रकाना कोरा होता. झडपे त्या कोऱ्या जागांवरून बोट फिरवत राहायचे. यातल्या किती तिनं खरोखरच बिननावाच्या ठेवल्या आणि किती आपण हरवल्या, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

वाळकी काडी आणि यादीची एक प्रत घेऊन ते ताईंकडे गेले. ताईंनी यादी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “फुलली की कळवा. मी येईन.”

पुढच्या उन्हाळ्याअखेरीस त्या आल्या. गुडघे धरत, झडप्यांच्या हाताचा आधार घेत वळणापर्यंत पोचल्या, पण खाली उतरणं त्यांना जमणार नव्हतं. म्हणून दोघं बांधाच्या माथ्यावरच बसले. खडीच्या कडेनं नवी रोपं आली होती, मोजकीच, पण फुललेली. ताई त्यांच्याकडे बघत बहिणीच्या लहानपणाचं सांगत होत्या. नावं ठेवायची खोड तिला तेव्हापासूनची. घरातल्या खुर्च्यांना नावं होती, मास्तरांना होती, गळक्या नळालासुद्धा होतं.

झडपे सगळं ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “ताई, माझं काही नाव होतं का?”

ताई थबकल्या. “होतं की.”

“काय?”

“ते सांगायचं नाही असं तिनं मला बजावलंय.”

“आता कोण रागावणारे?”

“ती,” ताई म्हणाल्या आणि पदराआड नाही, चांगल्या तोंड भरून हसल्या.

बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर झडप्यांनी तीन वेळा विचारलं. चांगलं होतं का, एवढं तरी सांगा, म्हणाले. ताई बसमध्ये चढल्या, खिडकीशी बसल्या, बस हलताना त्यांनी हात बाहेर काढून हलवला. झडप्यांनीही हलवला. मग घड्याळ बघून ते भराभर बांधाकडे निघाले. भरतीला अर्धाच तास राहिला होता.